थोरली पाती, धाकटी पाती

एखादी म्हातारी अंथरुणाला खिळली असं कानावर आलं की चार माणसं हळहळतात. मी सायकल काढतो. माझ्या बायकोला ही सवय कधीच आवडली नाही. ती म्हणते, वैद्याच्या नंतर आणि रडणाऱ्यांच्या आधी दारात उभा राहणारा माणूस म्हणजे तुम्ही. तिचं म्हणणं खोटं नाही, पण माझं कामच तसं आहे. घराण्यातल्या सगळ्यांत जुन्या माणसाकडून त्या घराण्याची हकिकत काढून घ्यायची आणि लिहायची, तीही ते माणूस जाण्याच्या आत. या शेवटच्या अटीनं माझ्या जिवाला आयुष्यभर स्वस्थता लाभू दिलेली नाही.

या धंद्याला नाव नाही. मी मूळचा बेळगावच्या कचेरीबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा. अर्जात वारस दाखवावे लागतात, वारसांसाठी वंशावळ लागते आणि वंशावळीसाठी एखादी आजी लागते. असं करता करता अर्ज मागे पडले आणि आज्या पुढे आल्या. शहरातल्या शिकलेल्या घराण्यांना आपापले कुळवृत्तांत छापायची हौस सुटली, तेव्हा खेड्यांतले शेतकरीही म्हणू लागले, आमचंबी लिवा की मास्तर. मी एक दिवसही शाळेत शिकवलेलं नाही, पण आमच्याकडे खिशाला पेन लावलेला माणूस आपोआप मास्तर होतो.

आमच्या भागात हे काम पूर्वापार हेळवी करत आलेले आहेत. सुगी संपली की हेळवी बैल घेऊन दारात येतो, घराण्याच्या पिढ्या एका दमात म्हणून दाखवतो आणि पदरात जोंधळे घेऊन पुढच्या दारी जातो. मी त्यांच्या पोटावर पाय देणार असं सुरुवातीला काहींना वाटलं. नंतर त्यांच्यातलाच एक जण माझा चांगला स्नेही झाला. एकदा त्याला विचारलं, एवढी नावं डोक्यात राहतात कशी? तो म्हणाला, "चालत म्हणतो वो. बसलो की इसरतो." मला ते तंतोतंत पटलं. मलाही बसलं की काही सुचत नाही, खुर्ची टोचायला लागते.

बाहेरच्यांना वाटतं, यात काय अवघड आहे, म्हातारी माणसं तर बोलतच असतात. बोलतात खरी, पण आपल्याला हवं ते बोलत नाहीत. 'वय किती' हा प्रश्न तर अगदी बिनकामाचा. साठीच्या पुढचं प्रत्येक माणूस शंभरीच सांगतं. त्याऐवजी विचारायचं, रेल्वे आली तेव्हा तुम्ही गुरं राखत होता की कुणाच्या कडेवर होता? प्लेगात गाव रानात झोपड्या घालून राहिलं तेव्हा तुमच्या मांडीवर कुठलं मूल होतं? असं विचारलं की साल बरोबर निघतं. कागद सुरुवातीला बाहेर काढायचाच नाही. कागद दिसला की माणसाला वाटतं जमिनीची मोजणी आली, आणि तोंडाला कुलूप लागतं. आणि बोलणाऱ्याच्या हातांना काम असू द्यायचं. शहापुरात एक विणकर आप्पा होते. त्यांचा माग चालू असला की गोष्ट चालू, धागा तुटला की गोष्टही तुटली. त्या खडखडाटात माझ्या कानाला काही धड ऐकू येईना. मी म्हटलं, आप्पा, जरा माग थांबवून निवांत सांगा. त्यांनी धोटा बाजूला ठेवला, हात मांडीवर घेतले आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले. "काय सांगत होतो वो मी?" म्हणाले. त्यांच्या आजोबांची सगळी हकिकत मी त्या मागाशेजारी ओरडून विचारत लिहिली.

गिऱ्हाइकंही एकेक नामी. निपाणीला तंबाखूची वखार असलेल्या एका गृहस्थांना आपला पणजोबा सरदार हवा होता. "घोड्यावरनं आलता त्यो ह्या गावात," असं ते मला चहा पाजून पाजून सांगत. त्यांची थकलेली मावशी शेजारी तंबाखूची पानं निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "घोडं व्हतं खरं. पर त्येच्यावर मिठाच्या गोण्या व्हत्या. म्हातारा संगट चालत व्हता." मी लिहिलं, घोडं घेऊन आले, घोड्यावर मीठ होतं. ते गृहस्थ पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत. मला मात्र मीठ विकत गाव शोधणारा पणजोबा सरदारापेक्षा जास्त आवडला, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. तेच बहुतेक जास्त लागलं असावं.

बायकांचं आणखी वेगळं. आमच्याकडे त्याही 'येतो', 'जातो' असंच बोलतात. त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सासऱ्याचं तर नाहीच नाही. विचारलं की शेजारणीकडे बघतात आणि शेजारीण नाव सांगते. त्यामुळे या भागातल्या निम्म्या वंशावळी शेजारणींनी सांगितलेल्या आहेत असं मी गमतीनं म्हणतो. त्यांचं स्वतःचं नाव काय, हे मात्र शेजारणीलाही कुणी विचारत नाही. आमच्या धंद्याची रीत अशी की मुलगी तिच्या सासरच्या वृत्तांतात जाते, माहेरच्या नाही. सासरी गेल्यावर तिथं ती 'अमक्याची पत्नी' होते. मी रीत पाळणारा माणूस, पाळत आलो.

यंदा तर एक नवीनच मागणी सुरू झाली आहे. देश स्वतंत्र झाला, आता भाषेवर प्रांत पाडायचे अशी बोलणी चालली आहेत म्हणे. लोक येतात आणि म्हणतात, मास्तर, आमचा मूळ पुरुष मराठी बोलायचा की कानडी तेवढं पक्कं लिहून द्या. ज्या आजीला हे विचारायचं ती नातवाला कानडीत झोपवते आणि सुनेशी मराठीत भांडते. मी काय लिहू? या मागण्यांनी माझी झोप उडते, कारण आज ज्याला आपण हकिकत म्हणतो तिला उद्या कोण कशासाठी वापरील याचा भरवसा राहिलेला नाही.

अशा वेळी मला दहा-बारा वर्षांपूर्वीची गोदाक्का आठवते. तिचीच हकिकत सांगायला मी बसलो आहे, पण पोचायला एवढा वेळ लागला.

बेळगुंदीच्या पलीकडे एक गाव आहे, त्याचं नाव राहू द्या. तिथलं एक जुनं शेतकरी घराणं. आमच्याकडे भाऊबंदांच्या शाखेला पाती म्हणतात. थोरल्या भावाची ती थोरली पाती, धाकट्याची ती धाकटी. शेत सारखं वाटलं जातं, पण मान वाटला जात नाही. त्या गावात काही वर्षांनी देवीची मोठी यात्रा भरते, आणि देवीच्या गाड्यापुढं पहिला नारळ थोरल्या पातीनं फोडायचा असतो. या घराण्यात थोरली पाती कोणती, हेच ठरत नव्हतं.

त्याचं कारण असं. भिमाजी म्हणून या घराण्यातले एक कर्ते पुरुष होऊन गेले. त्यांची पहिली बायको काशी लवकर वारली. नंतर त्यांनी दोन लग्नं केली. मोठ्या दुष्काळात दोघी एकदमच गरोदर होत्या. एरवी त्या आपापल्या माहेरी गेल्या असत्या, पण त्या वर्षी कुठल्याच माहेरात खायला नव्हतं. म्हणून दोघी एकाच घरात, समोरासमोरच्या दोन खोल्यांत, एकाच सकाळी बाळंत झाल्या. दोघींना मुलगेच झाले, नागोजी आणि परसू. मुलगा झाला की दारात थाळी वाजवतात. भिमाजी शहाणा माणूस, त्यांनी दोन्ही मुलं बाहेर येईपर्यंत हात आवरला आणि थाळी एकदाच वाजवली. घरात भांडण नको म्हणून केलं, ते पुढच्या पिढीला भोवलं. नागोजी आणि परसू जिवंत होते तोवर आलटून पालटून नारळ फोडत. ते गेले. नागोजीचा मुलगा रामा आणि परसूचा मुलगा भैरू यांच्यात मात्र मागच्या यात्रेत देवीच्या गाड्यापुढंच काठ्या निघाल्या. एकाचं डोकं फुटलं, एकाचा हात कायमचा वाकडा झाला.

पुढची यात्रा जवळ आली तशी पंचांना धास्ती बसली. त्यांनी ठरवलं की मास्तरकडून घराण्याचा वृत्तांत लिहून घ्यायचा, देवळाच्या कट्ट्यावर सगळ्या गावासमोर वाचायचा, आणि त्यात जो थोरला निघेल त्याच्या मुलाचा नारळ. त्या सकाळचं एकच माणूस जिवंत होतं. ती गोदाक्का, रामा आणि भैरूची आत्या. तेव्हा ती दहा-बारा वर्षांची होती आणि दोन्ही खोल्यांत गरम पाणी नेऊन देत होती.

गोदाक्का भिमाजीच्या पहिल्या बायकोची, काशीची मुलगी. लहानपणी लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला, सासरच्यांनी परत आणून घातली. तेव्हापासून ती याच घरात. वाटण्या झाल्यावर एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंत रामाकडं, पुढं भैरूकडं. दोन्ही सावत्र भावांना तिनंच कडेवर घेऊन वाढवलं होतं. गावात बोललं जाई की म्हातारी मुद्दाम गप्प आहे. एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याच्या घरचा घास तुटेल. मलाही आधी तसंच वाटलं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. सगळं सांगितलं तिनं. दुष्काळात कुठला पाला खाल्ला, विहिरीला पाणी कुठल्या हाताला लागलं, कुठल्या चुलत्यानं बैल विकला आणि कसा रडला. शेवटी मी विचारलं, "गोदाक्का, त्या सकाळी आधी कोण झालं? नागोजी का परसू?"

"सांगतो की. गडबड काय हाय? आधी माझ्या आईचं लिवलासा?"

"काय लिहू? तुम्ही सांगा."

"मला काय म्हाईत? मी बघितलीया व्हय तिला? माझ्या जलमातच गेली ती." तिनं मूठभर शेंगा माझ्यापुढं सरकवल्या. "तुम्ही मास्तर हायसा. हुडका. न्हायतर ह्या घरात तिचं नाव घ्याला कोण हाय?"

तेव्हा मला कळलं की हिला एका घासाची काळजी नाही. गावाला नारळ हवा होता, तिला आई हवी होती. सत्तरी उलटलेली बाई, आणि आपली आई उंच होती की ठेंगणी एवढंही तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. बापानं पुन्हा नाव काढलं नाही, सावत्र आयांनी काढायचं कारण नव्हतं. आता एक परका माणूस लिहायला बसला आहे तर त्यात ती येईल, एवढी तिची आशा.

मग मी फिरलो. यात्रेला दिवस थोडे उरलेले, पंच घाई करत होते, रामा आणि भैरू वेगवेगळे येऊन मला गाठत होते, आणि मी खानापूरच्या बाजूला काशीचं माहेर शोधत सायकल हाणत होतो. एका वाडीवर कुणी नव्हतं, दुसऱ्या वाडीवरचे गाव सोडून गेलेले. वाटेत दोनदा चाक पंक्चर झालं. शेवटी नदीकाठी एक म्हातारा भेटला. काशीचा सगळ्यांत धाकटा चुलतभाऊ. डोळ्यांनी दिसत नव्हतं, कान मात्र शाबूत. मी नाव घेतल्यावर त्यानं मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाला, "काशाक्का? लई चढायची. चिंचंच्या शेंड्याला जाऊन बसायची आन वरनं आमास्नी चिंचा मारायची. लगीन ठरलं त्या दिवशी बी वरच व्हती. खाली बोलवाय गेलतो मी." आणखी काही? आणखी काही नाही. तेवढंच.

तेवढंच घेऊन मी परत आलो आणि गोदाक्काला सांगितलं. शेंग फोडता फोडता तिचे हात थांबले.

"चिंचंवर?"

"शेंड्याला."

ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. "आन मला समदी म्हणायची, ही गोदी कुणावर गेलीया कुणास ठाऊक, सारखी झाडावर. आमच्या परसूच्या आईनं चिंचंवरनं वडून खाली घेतल्याली हाय मला, काठीनं." मग पुन्हा शेंग उचलत, "आन काय म्हणला?"

"आणखी काही आठवेना त्यांना."

"बरं," ती म्हणाली. पण पुढच्या प्रत्येक खेपेला तिनं विचारलं, अजून काही कळलं का. मला तिच्यासमोर बसवेना. नारळाचं विचारलं की म्हणायची, "वाचायच्या दिवशी सांगतो. समद्यांच्या म्होरं."

वाचनाचा दिवस उजाडला. दुपारची वेळ, देवळाच्या कट्ट्यावर पंच, एका बाजूला रामाचे लोक, दुसऱ्या बाजूला भैरूचे. खाली सावलीत बायका, त्यांच्यात गोदाक्का. काही पोरांनी काठ्या देवळामागं आणून ठेवल्या होत्या, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मी मूळ पुरुषापासून वाचत आलो. भिमाजीपाशी आलो आणि वाचलं, "प्रथम पत्नी काशी, निःसंतान वारली. द्वितीय पत्नी..."

"मास्तर, थांबा."

गोदाक्का उठून उभी राहिली होती. "त्ये काय म्हटलासा? परत म्हणा."

मी परत वाचलं. वाचता वाचताच आपण काय लिहिलंय ते माझ्या ध्यानात आलं.

"निसंतान म्हंजे काय वो?"

रामानं उत्तर दिलं. "म्हंजे पोरबाळ न्हाय, आत्या."

"पोरबाळ न्हाय?"

"न्हाय म्हंजे... पोरगा न्हाय. लिवायची रीतच असतीया तशी."

रीत होतीच. बायकोच्या नावापुढं मुलगे लिहायचे, मुलगे नसले की निःसंतान लिहायचं. आजवर किती घरांत मी ते तसं लिहिलं असेल. हाताला वळण पडलेलं. ज्या काशीसाठी मी खानापूरच्या वाड्या पालथ्या घातल्या, जिच्या लेकीच्या अंगणात बसून शेंगा खाल्ल्या, तिच्याही नावापुढं हात आपोआप तेच लिहून मोकळा झाला होता. आणि कागद आधी पाहिलेल्या पंचांपैकीही एकाला त्यात वावगं दिसलं नव्हतं.

भैरू समजुतीनं म्हणाला, "तुझं नाव घालायचं असलं तर घालूया की आत्या, खाली कुठंतरी."

"माझं नगं रं," गोदाक्का म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "माझं न्हाय घातलं तर चालतंय. मी हाय न्हवं हितं, समद्यास्नी दिसतोय. पर तिला वांझ म्हणून गावात वाचू नगासा. ती मला जलम देतानाच मेलीया."

कट्ट्यावर सगळे खाली बघत होते. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं, इतकी लाज वाटली. मी पेन काढलं, ती ओळ खोडली आणि वर लिहिलं: काशी. अपत्य एक, कन्या गोदा. मग मोठ्यानं वाचलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. पुन्हा वाचलं. तिनं मान हलवली.

"झालं," ती म्हणाली. "आता इचारा. त्या दिवशी आधी कोण झालं त्ये."

रामानं भैरूकडं बघितलं. भैरूनं पंचांकडं. सगळं गाव ज्या प्रश्नासाठी जमलं होतं तो विचारायला कुणाचं तोंड उघडेना. भिमाजीचं पहिलं मूल कोण, हे त्यांनी आत्ताच दोनदा ऐकलं होतं.

गोदाक्का थोडा वेळ वाट बघत उभी राहिली. मग तिनं पदर खोचला. "नगं? मग मी जातो. शेंगा वाळत घातल्यात, कोंबड्या नाश करतील."

ती चालू लागली. देवळाच्या कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली, तरी पहिला नारळ कुणाचा हे विचारायला त्या गावातलं एकही माणूस तिच्या मागं गेलं नाही.